मैदानावर ‘ही पोरगी नाही’ अशी तक्रार आली तर

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या क्रीडाशिक्षकांनाही संदर्भ लागेल. तुमच्या शाळेतली सतरा वर्षांखालील गटातली मुलगी ८०० मीटर २ मिनिटं २१ सेकंदांत पळते. तालुक्याला पहिली आली तेव्हा दुसऱ्या शाळेच्या सरांनी ‘ही पोरगी नाही, तपासा’ म्हणून तोंडी गलका केला. आता शनिवारी जिल्ह्याला ते लेखी देणार म्हणतात. दुसरी तुमची माजी विद्यार्थिनी. शाळेच्या हजेरीत तिचं नाव मुलाचं होतं. आज ती तेवीस वर्षांची आहे, दोन वर्षं हार्मोनचे उपचार घेतेय, कलेक्टर कचेरीतून ओळख प्रमाणपत्रही काढलंय, आणि तिला महिलांच्या गटात पळायचंय. दोघींना नियम एकच का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. अठ्ठावीस वर्षं मी पोरं पळवतोय, त्यातली वीसेक वर्षं पंच म्हणूनही उभा राहिलोय. या विषयात पाहिलेला निम्मा गोंधळ दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे झालेला आहे. तुमची माजी विद्यार्थिनी पारलिंगी स्त्री आहे. तिचं शरीर जन्मतः मुलाचं, वयातही ती मुलासारखीच आली, पण आतून ती स्वतःला बाईच मानत होती आणि पुढे तिने तसं जगायला घेतलं. तुमची ८००वाली मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, तिला स्वतःला कधी शंका आली नाही. तिच्याबाबतीत फार तर एवढंच विचारता येईल, तेही तसंच कारण असेल तर, की शरीरात काही जन्मजात वेगळेपण आहे का. बहुतेक वेळा काहीच नसतं. पोरगी नुसती जोरात पळते.

माजी विद्यार्थिनीचं आधी घेतो, कारण तिचं उत्तर कडू असलं तरी सरळ आहे.

बायकांचा गट वेगळा ठेवलाय तो कशासाठी, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा आपला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत, ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळालाय. महिलांत देशात सर्वांत पुढे असलेल्या पारुल चौधरीची वेळ सव्वानऊ मिनिटांच्या आसपास आहे. दोघं एकत्र सुटले तर अविनाश रेषा ओलांडेल तेव्हा पारुलची जवळजवळ एक फेरी बाकी असेल. वर त्याच्यापुढचे अडथळे ९१.४ सेंटिमीटर उंचीचे आणि तिच्यापुढचे ७६.२. पारुल आशियाई स्पर्धेतली सुवर्णविजेती आहे, घाम गाळण्यात ती कुठे कमी पडली म्हणता येणार नाही. शंभर मीटरचे जागतिक विक्रम बघा, ९.५८ आणि १०.४९. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२. धावण्यात दहा-बारा टक्के, उडीत त्याहून जास्त. एवढं अंतर मेहनतीने भरून निघत नाही.

दहा वर्षांची पोरंपोरी सोबत पळवा, फरक नावापुरता असतो. आमच्या मैदानावर त्या वयात कैकदा पोरीच पुढे असतात आणि पोरं दोन दिवस तोंड पाडून बसतात. मग पोरं वयात येतात आणि दोन-तीन वर्षांत चित्र पालटतं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बायकांच्या रक्तात साधारण पावणेदोन नॅनोमोल प्रतिलिटरच्या आत असतं, पुरुषांच्या रक्तात साडेसातपासून तिसापर्यंत. त्याच्या जोरावर उंची, खांदे, हाडाची जाडी, स्नायू, हृदय-फुप्फुसांचा आकार, हिमोग्लोबिन सगळं वाढतं. म्हणून आजचे नियम कपड्यांकडे, नावाकडे किंवा आधार कार्डाकडे पाहत नाहीत. शरीर पुरुषासारखं वयात आलं होतं का, हे ते पाहतात; ॲथलेटिक्सने त्यात आता जनुकाची चाचणीही आणलीय, ते पुढे सांगतो.

हे नियम काही एका रात्रीत आले नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००३ मध्ये शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे हार्मोनचे उपचार अशा अटीवर पारलिंगी स्त्रियांना महिला गट खुला केला. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट काढली आणि वर्षभर टेस्टोस्टेरॉन १० नॅनोमोलच्या खाली ठेवा म्हटलं. २०२१ मध्ये समितीने हात झटकले, ज्या त्या खेळाच्या महासंघाने आपलं ठरवावं असं सांगून मोकळी झाली. (मला विचाराल तर ती पळवाटच होती.) मग एकेकाने दार लावलं. जलतरणाने जून २०२२ मध्ये, ॲथलेटिक्सने ३१ मार्च २०२३ पासून, त्याच वर्षी जुलैत सायकलिंगने आणि नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय क्रिकेटने. बारीक फरक आहेत, पण गाभा एकच. पुरुषी वयात आलेली पारलिंगी स्त्री महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरू शकत नाही, आज तिचं टेस्टोस्टेरॉन कितीही खाली असो.

तुमची विद्यार्थिनी इथेच म्हणेल, ‘सर, मी तर दोन वर्षं गोळ्या घेतेय, माझी ताकद गेलीय.’ ती खोटं बोलत नाही. टेस्टोस्टेरॉन दाबलं की हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत बायकांच्या पातळीवर येतं, आणि ८०० पळणाऱ्याला त्याचा फटका लगेच जाणवतो. पण स्नायू सावकाश उतरतात, वर्षभरात पाचेक टक्के. उंची आणि हाडं उतरतच नाहीत. अमेरिकी हवाई दलातल्या जवानांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात दोन वर्षांच्या उपचारानंतर पुशअपमधला फरक मिटला होता, पण पळण्यातला बारा टक्क्यांचा फरक शिल्लक होता. हे जवान होते, कसलेले खेळाडू नव्हेत. खेळाडूंवरचे अभ्यास मोजकेच आहेत आणि दुसऱ्या बाजूचे लोक त्यावरच बोट ठेवतात, त्यात चूक नाही. काही जण टोकियोचं उदाहरण देतात. न्यूझीलंडची लॉरेल हबर्ड ही पारलिंगी भारोत्तोलक तिथे उतरली आणि तिन्ही प्रयत्न वाया गेले, मग फायदा कुठाय म्हणतात. एका स्पर्धेवरून काहीच ठरत नसतं, ना इकडचं ना तिकडचं.

माझं मत विचाराल तर वरच्या पातळीवर ही रेषा बरोबर आहे. आपल्याकडे पहिल्या तिघींत आल्यावर नुसता कथलाचा बिल्ला मिळत नाही. दहावी-बारावीचे वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण त्या कागदावर उभं असतं. परभणी-हिंगोलीकडची पोरगी बापाशी भांडून मैदानावर येते ती या कागदासाठी. तिची तिसरी जागा गेली तर तिचं लग्न ठरतं, इतकी साधी गोष्ट आहे ही.

म्हणून विद्यार्थिनीला गोल गोल उत्तर देऊ नका. प्रमाणपत्र पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याखालचं आहे, शिक्षणात आणि नोकरीत कोणी भेदभाव केला तर ते कामी येतं, पण महासंघाचा महिला गट त्याने उघडत नाही. ती पुरुषांच्या गटात पळू शकते. ‘हा काय पर्याय झाला का?’ असं ती म्हणेल, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. गावोगावच्या मॅरेथॉनमध्ये मात्र आयोजकाला मोकळीक असते. तिथे अर्ज भरण्याआधी आयोजकांशी समोरासमोर बोला, वेगळा गट ठेवा म्हणा. केरळने २०१७ मध्ये तिरुअनंतपुरमला पारलिंगी खेळाडूंची स्वतंत्र ॲथलेटिक्स स्पर्धा घेतली होती, आपल्याकडे कोणी मनावर घेतलं तर अवघड काही नाही. आणि तिचा डोळा मुळात पोलीस भरतीवर असेल, जसा आपल्याकडे पहाटे डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा असतो, तर ते दार निराळं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भरतीत तृतीयपंथी उमेदवारांची सोय करा आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे नियम ठरवा असं राज्य सरकारला बजावलं. भरतीतले १६०० आणि ८०० मीटर ही नोकरीची चाचणी आहे, तिला खेळाच्या महासंघाचे नियम लागत नाहीत. जाहिरात निघाली की तिच्यातल्या अटी नीट वाचा.

याच्या उलट प्रकारही कधीतरी येईल, तेव्हा गडबडू नका. मुलगी म्हणून जन्मलेला आणि पुरुष म्हणून जगणारा पारलिंगी मुलगा. तो टेस्टोस्टेरॉन घेत असेल तर महिला गट बंद. पुरुष गट खुला, पण टेस्टोस्टेरॉन उत्तेजकांच्या यादीत आहे. उपचारासाठीची सवलत आधी मंजूर करून घ्यायची, नंतर पळायचं. इंजेक्शन घेतल्यावर अर्ज करणारे बंदी ओढवून घेतात.

आता तुमच्या ८००वालीकडे येतो.

२ मिनिटं २१ सेकंद. सर, ही वेळ चांगली आहे, पण संशय घ्यावा अशी कुठल्याच बाजूने नाही. राज्याला गेलात की हिच्यापुढे पळणाऱ्या पोरी भेटतील. मग तक्रार कशावरून? छाती सपाट, आवाज जाड, केस बारीक, खांदे रुंद. बीड-धारूरकडच्या ऊसतोडीच्या कोपीवर वाढलेल्या, बाराव्या वर्षापासून मोळ्या उचललेल्या पोरीचे खांदे कसे असतील? टँकरवर जगणाऱ्या गावात पोरी केस बारीक का ठेवतात ते आपल्याला ठाऊक आहे. पंचाच्या हातात स्टॉपवॉच असतं, फीत असते. नजर हे मोजमापाचं साधन नाही.

हे मला शहाणपणाने कळलं नाही, चूक करून कळलं. २००१ ची एक जिल्हा स्पर्धा. मातीचा ट्रॅक, फक्कीच्या रेषा निम्म्या पुसलेल्या. २०० मीटरची अंतिम शर्यत झाली आणि अशीच तोंडी तक्रार आली. मी तरुण पंच, प्रकरण लवकर मिटावं म्हणून एका बाईंना म्हटलं, ‘मॅडम, पोरीला जरा आत नेऊन बघता का?’ शाळेच्या खोलीत, दाराला सतरंजी लावून. पाच मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या, मान हलवून ‘मुलगीच आहे’ म्हणाल्या आणि आम्ही निकाल जाहीर केला. पोरगी बक्षीस घ्यायला आली नाही. स्पाइक्स तिच्याकडे नव्हतेच, ती अनवाणी पळायची. खोलीतून निघाली ती सरळ एसटी स्टँडकडे गेली. पुढच्या वर्षी मी तिच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘तिनं मैदान सोडलं.’ त्या दिवशी नियम कुणी मोडला असेल तर तो मी. आज तसं कुणी केलं तर पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि झालाच पाहिजे.

वरच्या पातळीवर तरी काय वेगळं झालं? १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून बायकांची गुणसूत्र तपासणी सुरू झाली. मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो या स्पॅनिश अडथळापटूला १९८५ मध्ये एक्सवाय म्हणून बाहेर काढलं. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉन मुळीच लागू पडत नव्हतं. गुणसूत्र ‘पुरुषी’, पण त्याचा फायदा शून्य. तीन वर्षं झगडून तिने परवानगी मिळवली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ जणींची तपासणी झाली, आठ जणींचा निकाल वेगळा आला आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं. एवढा खटाटोप करून एकही ‘सोंग घेतलेला पुरुष’ सापडला नाही. १९९९ मध्ये सरसकट तपासणी थांबली.

मग २००६. तमिळनाडूची शांती सौंदराजन दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली, तपासणीत अडकली, पदक काढून घेतलं गेलं आणि तिचं नाव देशभरच्या पेपरांत छापून आलं. पुढे ती वीटभट्टीवर कामाला होती. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलआधी वगळलं, कारण तिचं टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्या जास्त होतं. द्युती गप्प बसली नाही. ती स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादात गेली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने तो नियमच स्थगित केला. दक्षिण आफ्रिकेची ८०० मीटरवाली कास्टर सेमेन्या, जिचं टेस्टोस्टेरॉनही नैसर्गिकरीत्या जास्त, तिची लढाई तुम्ही वाचली असेल. २०१९ मध्ये ती लवादात हरली, पण पुढे स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात तिची सुनावणी न्याय्य झाली नाही असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं.

आजचा नियम असा. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने आपल्या क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची केली आहे. गालाच्या आतून काडीने घेतलेला नमुना किंवा रक्त, आयुष्यात एकदाच. हे जनुक वाय गुणसूत्रावर असतं आणि गर्भात वृषणग्रंथी, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पुरुषी ग्रंथी, तयार करायची सुरुवात करतं. ते नसेल तर विषय संपला. असलं तरी मार्टिनेझ-पातिन्योसारखी, टेस्टोस्टेरॉन पूर्णपणे लागू न पडणारी खेळाडू पात्रच राहते. आणि पीसीओएस या बायकांच्या हार्मोनच्या तक्रारीचा यात काडीचा संबंध नाही. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, टेस्टोस्टेरॉन थोडं वर, अशा पोरी आपल्याकडे ढिगाने आहेत आणि त्या पूर्ण पात्र आहेत.

ही चाचणी शाळेच्या जिल्हा स्पर्धेत नाही. तिथे प्रवेश शाळेच्या दाखल्यावर आणि जन्मनोंदीवर मिळतो. तेव्हा शनिवारी तक्रार आली तर लेखी आणि सहीनिशी द्या म्हणा. निम्म्या तक्रारी पेन पुढे केलं की विरघळतात. लेखी आलीच तर दाखला, आधार आणि जन्माचा उतारा समोर ठेवा आणि शरीराच्या तपासणीला तोंडावर नकार द्या. पालकांना सोबत न्या, आई आली तर उत्तम. कुणी मोबाइल काढून पोरीचे फोटो घेऊ लागला तर आधी तो थांबवा, शर्यत थोडी उशिरा सुटली तरी चालेल.

एक गोष्ट मात्र तक्रारीशी न जोडता, प्रशिक्षक म्हणून तुम्हाला करायची आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पाळी आलेली नसेल तर तिच्या आईला सांगून डॉक्टरांकडे पाठवा. हे तुम्ही स्वतः विचारू नका, शाळेतल्या बाईंकरवी आईशी बोला. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पोटात भाकरी कमी आणि सराव जास्त असला की शरीर पाळी पुढे ढकलतं, आपल्याकडच्या पळणाऱ्या पोरींत हे मी सतत पाहतो. क्वचित दुसरं कारण निघतं. काही जन्मजात प्रकारांत बाळ मुलीसारखं दिसतं आणि वयात येताना पाळी न येता आवाज फुटतो. आई आणि बाप दोघांकडून तेच सदोष जनुक आलं तर असं होतं. म्हणून मामाची किंवा आत्याची पोर करून घेण्याची रीत असलेल्या घरांत ते जरा जास्त दिसतं. असं निघालं तर ते आई-बाप, लेकरू आणि डॉक्टर यांच्यातच राहू द्या, मुख्याध्यापकांनासुद्धा सांगायची गरज नाही. आणि खेळासाठी म्हणून शस्त्रक्रियेची घाई कुणालाही करू देऊ नका. विकसनशील देशांच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, अठरा ते एकवीस वयाच्या चार खेळाडूंची हकीकत फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये छापली होती. आतल्या वृषणग्रंथींपासून त्यांच्या तब्येतीला धोका नव्हता, तरी त्या काढून टाकल्या होत्या, पुन्हा मैदानावर उतरता यावं म्हणून. ती हकीकत वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती.

शुक्रवारी रात्री पोरीला यातलं काही सांगत बसू नका, लवकर झोपू द्या. पहिली फेरी ती ६६ सेकंदांत काढते आणि शेवटच्या दीडशे मीटरला लटपटते असं तुम्हीच लिहिलंय. पहिली फेरी ६९ ला काढायला लावा. आणि पायात बूट घाला तिच्या, त्या मैदानाच्या वळणावर खडे आहेत.